पाठ सोलण्याआधी : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस, टाच आणि कातडी

रात्री दोन वाजता रुग्णाची कूस बदलायला गेलं की खाटेखाली चटई टाकून झोपलेला मुलगा नाहीतर सून उठते आणि दबक्या आवाजात म्हणते, "सिस्टर, आत्तेच डोळा लागेल शे त्यास्ना, राहू द्या ना." खानदेशातल्या वॉर्डात नोकरी केलेल्या नर्सला हे वाक्य पाठ असतं. विनंती मायेपोटीच असते. पण मी पाहिलेले कितीतरी बेडसोर, म्हणजे पडून पडून दाबाने होणाऱ्या जखमा, याच 'राहू द्या'पासून सुरू झाले. दिवसा राउंड असतो, भेटायला येणारे असतात, चहा पाजायच्या निमित्ताने तरी कोणीतरी रुग्णाला हलवतं. रात्री अकरा ते पहाटे पाच मात्र तो एकाच हाडावर पडून राहतो.

म्हणून हे त्या मुलासाठी आणि सुनेसाठी लिहिते आहे. मोठ्या वॉर्डात रात्री एखाद-दोन सिस्टर असतात. आमच्याकडे दर वेळी कूस बदलायला नातेवाइकाचे हात लागतातच, हे मान्य करून ते हात तयार केलेले बरे.

आत नेमकं काय होतं

माणूस उताणा पडला की माकडहाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चिमटलं जातं. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि रक्त पोचत नाही. धडधाकट माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो, कारण अंग दुखायला लागतं. लकवा झालेला, बेशुद्ध किंवा औषधाच्या गुंगीतला रुग्ण ते करू शकत नाही. अशक्त माणसात दोन-तीन तासांचा सलग दाबही नुकसान सुरू करायला पुरतो. आणि पुष्कळदा मांस आधी आत, हाडाजवळ मरतं, कातडीवर ते नंतर दिसतं. आज फुटलेली जखम एक-दोन दिवस आधीची असू शकते.

२०१६ साली अमेरिकेत बेडसोरचं वैद्यकीय नाव 'प्रेशर अल्सर' बदलून 'प्रेशर इंज्युरी', म्हणजे दाबाची इजा, केलं गेलं, त्यामागे हेच कारण. पहिल्या पायरीत कातडी फुटलेली नसते, नुसता लाल डाग असतो, तरी इजा झालेलीच असते. दुसऱ्या पायरीत वरची कातडी सोलते किंवा फोड येतो, तिसरीत चरबीपर्यंत खड्डा पडतो, चौथीत स्नायू किंवा हाड उघडं पडतं. पहिलीवरून माणूस काही दिवसांत परत येतो. चौथीला महिने लागतात.

दाबाला दोन सोबती आहेत. एक ओल. दुसरी घसरण : डोक्याकडची बाजू उंच केली की रुग्ण हळूहळू पायथ्याकडे सरकतो, कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि हाड आत पुढे जातं. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात.

पहिला दिवस : दाखल होण्याआधीचे तासही मोजा

धडगाव-अक्कलकुव्याकडून निघालेला रुग्ण आधी जीपमध्ये, मग ग्रामीण रुग्णालयात, मग ॲम्ब्युलन्समध्ये आडवा असतो. मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर कॅज्युअल्टीच्या कडक स्ट्रेचरवर, त्यानंतर एक्स-रेच्या टेबलावर. वॉर्डातली खाट मिळेपर्यंत पाच-सहा तास एकाच जागी गेलेले असतात. म्हणून खाट मिळाल्या मिळाल्या, सलाईन सुरू झालं की लगेच, आठ तासांच्या आत तर नक्कीच, सिस्टरला सांगून पूर्ण अंग पाहून घ्या. डाग आधीचा असेल तर कागदावर नोंद होऊ द्या.

त्याच वेळी अंगावरचं काढा. धोतराच्या कासोट्याची घडी बरोबर माकडहाडाखाली येते, नऊवारीच्या काष्ट्याचंही तसंच. कमरेचा करदोडा, त्याला बांधलेली किल्ली, ताईत, बंडीच्या खिशातली चिल्लर, हातातल्या पाटल्या, पायातले जाड चांदीचे दागिने, सगळं उतरवा. एका आजोबांच्या कमरेवर मी कपाटाच्या किल्लीचा हुबेहूब ठसा पाहिलेला आहे, दातांसकट. करदोडा काढू नका म्हणून घरचे अडून बसले होते. शेवटी तो हाताला बांधला आणि तंटा मिटला.

जास्त धोका कोणाला? लकवा, मणक्याला मार, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशनची वाट पाहणारे म्हातारे, आयसीयूतले, फार बारीक किंवा फार जाड, मधुमेही, अंगावर सूज असलेले, लघवी-संडासवर ताबा नसलेले. नर्सेस यासाठी ब्रेडन स्केल वापरतात. अमेरिकेत १९८७ साली ते मांडलं गेलं. सहा मुद्दे, ६ ते २३ गुण, १८ किंवा खाली आले की धोका. "आमच्या पेशंटचा ब्रेडन किती?" असं सिस्टरला खुशाल विचारा. कोणी रागावत नाही, उलट लक्ष जातं.

पाहायचं कसं

दिवसातून दोनदा नीट, आणि दर कुशीला ओझरतं. जागा ठरलेल्या : माकडहाड, दोन्ही टाचा, खुबे, घोटे, गुडघ्यांच्या आतल्या बाजू, कोपर, खांद्याची पाती, कानाची पाळी, डोक्याची मागची बाजू.

लाल डाग दिसला की त्यावर बोट तीन सेकंद दाबा आणि उचला. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतं आहे. कूस बदलून अर्ध्या तासाने परत पाहा. दाबूनही लाली हलली नाही तर ती पहिली पायरी आहे, सिस्टरला त्याच वेळी उठवा.

आपल्याकडची कातडी बहुधा सावळी. पुस्तकातल्या चित्रासारखी लाली तिच्यावर दिसत नाही. डाग जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद दिसतो, कधी दिसतही नाही. अशा वेळी हाताच्या पाठच्या बाजूने चाचपा : जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का, किंवा गार? कडक लागते की पिकलेल्या केळासारखी मऊ? तिथे हात लावला की रुग्ण कण्हतो का? मोबाइलची बॅटरी समोरून न मारता आडवी धरा, सूज आणि चकाकी चटकन कळते.

कूस बदलणे, क्रमाने

आधी एक अट. मणक्याला मार असेल, खुब्याचं ऑपरेशन ताजं असेल किंवा पायाला वजन लावलेलं असेल, तर कसं वळवायचं हे डॉक्टर-सिस्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका. मणक्याचा रुग्ण ओंडक्यासारखा एकसंध वळवावा लागतो, त्याला तीन-चार माणसं लागतात.

बाकीच्यांसाठी दोन माणसं पुरतात.

१. हात धुवा. रुग्ण बेशुद्ध असला तरी त्याला सांगा, "आबा, डाव्या कुशीवर घेतो आहे."

२. खाटेची डोक्याकडची बाजू सपाट करा. नाकातल्या नळीने नुकतंच जेवण दिलं असेल तर निदान अर्धा-पाऊण तास थांबा, नाहीतर अन्न छातीत जातं.

३. सलाईन, लघवीची पिशवी, ऑक्सिजनची नळी ज्या बाजूला वळवणार त्या बाजूला सैल करून ठेवा. पिशवी कमरेच्या पातळीखालीच राहू द्या.

४. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी आडवी चादर रुग्णाखाली कायम असू द्या. वॉर्डात तिला ड्रॉशीट म्हणतात. घरचं जुनं सुती लुगडं चौपदरी केलं तरी चालतं, फक्त शिवण आणि काठ अंगाखाली नकोत. दोघांनी दोन्ही बाजूंनी ती घट्ट धरून, एक-दोन-तीन म्हणत, रुग्णाला उचलून विरुद्ध कडेला सरकवा. काखेत हात घालून ओढायचं नाही. ओढल्याने कातडी सोलते, आणि लकव्याच्या बाजूचा खांदा निखळतो तो वेगळाच.

५. डावीकडे वळवायचं तर डावा हात अंगापासून दूर ठेवा, उजवा हात छातीवर, उजवा गुडघा दुमडलेला. मग खांदा आणि खुबा एकाच वेळी वळवा.

६. आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. रुग्णाला पूर्ण काटकोनात कुशीवर टाकू नका, सगळं वजन खुब्याच्या टोकावर येतं. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी सारा आणि त्यावर त्याला रेलू द्या, साधारण ३० अंश. बरोबर झालं का हे पाहायला माकडहाडाखाली हात सरकवा. हात मोकळा गेला पाहिजे. अडकला तर उशी अजून आत सारा.

७. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, घोट्यांमध्येही काहीतरी मऊ. खालचा कान दुमडलेला नाही, खालचा खांदा थोडा पुढे ओढलेला आहे, कुठली नळी किंवा सुईचं टोपण अंगाखाली नाही, हे पाहा. चादरीच्या सुरकुत्या ओढून काढा. बिस्किटाचा चुरा झटका.

वेळ साधारण दर दोन तासांनी. चांगली गादी असेल आणि कातडी साफ राहत असेल तर डॉक्टर तीन-चार तासांवर आणू शकतात. पण डाग दिसला की अंतर कमी करायचं. खाटेशेजारी भिंतीवर कागद चिकटवा : ६ डावी, ८ पाठ, १० उजवी, १२ डावी. ज्याने वळवलं त्याने सही करायची. शेतात रात्रीचं पाणी भरायच्या पाळ्या आपण मोटारीच्या वेळेप्रमाणे बरोबर सांभाळतो, ही त्याच शिस्तीची गोष्ट आहे. रात्री दोन माणसं राहणार असतील तर एकाने दोनपर्यंत, दुसऱ्याने नंतर जागायचं, आणि मोबाइलवर गजर लावायचा. एकच माणूस राहू देत असतील तर शेजारच्या खाटेवाल्याशी जोडी करा. त्याचा रुग्ण तुम्ही वळवा, तुमचा तो वळवील. आमच्या वॉर्डात अशा जोड्यांची पुढे सोयरीक झालेली आहे.

डोक्याची बाजू शक्यतो ३० अंशांच्या वर ठेवू नये. पण नळीने जेवण देताना ती उंच ठेवावीच लागते. तेव्हा आधी गुडघ्याखाली उशी द्या, मग डोकं उंच करा, म्हणजे रुग्ण घसरत नाही. जेवण जिरलं की परत खाली आणा.

टाच

टाचेसाठी वेगळा मथळा देते, कारण इथे मी स्वतः चुकलेली आहे. खुबा मोडलेल्या एका आजींची पाठ आम्ही तळहातासारखी जपली होती. दर दोन तासांनी वळवलं, पाठ निर्मळ. सहाव्या दिवशी मोजे काढले तर मोडलेल्या बाजूची टाच काळी-जांभळी. तो पाय दुखतो म्हणून कोणी हलवत नव्हतं, आणि मोजा होता म्हणून कोणी पाहत नव्हतं.

टाचेवर मांस जवळजवळ नसतंच. तिच्याखाली कितीही मऊ वस्तू ठेवा, दाब राहतो. टाच अधांतरी हवी. पोटरीखाली लांबीच्या दिशेने उशी ठेवा, गुडघ्यापासून घोट्याच्या थोडं वरपर्यंत, गुडघा किंचित वाकलेला, आणि टाच उशीच्या काठाबाहेर. टाच आणि गादी यांच्यातून कागद सहज सरकला पाहिजे. फक्त घोट्याखाली गुंडाळी ठेवू नका, मग घोट्यामागची शीर दबते. पाण्याने भरलेले रबरी हातमोजे टाचेखाली ठेवायची जुनी रीत अजून काही ठिकाणी दिसते. त्याने काही साधत नाही. आणि मोजे रोज काढायचे.

ओल आणि आपला उन्हाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला जातो. रेक्झिनच्या गादीवर एक पातळ चादर, त्यावर घामाने निथळणारा माणूस. भिजलेली कातडी पापडाच्या ओल्या लाटीसारखी असते, ओढली की फाटते. उन्हाळ्यात सकाळच्या स्पंजिंगवर भागत नाही, दुपारी तीनच्या सुमाराला पाठ पुन्हा ओल्या कापडाने टिपून कोरडी करा आणि सुती चादर बदला. टिपा म्हणते आहे, घासू नका. कूलरची हवा अंगावर थेट नको, खोलीत फिरू द्या.

डायपर दर दोन तासांनी, म्हणजे कूस बदलतानाच, उघडून पाहा. संडास झाली असेल तर लगेच साफ करा; लघवीपेक्षा पातळ संडास कातडीला जास्त खाते. कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ कापड, मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा व्हॅसलिनचा पातळ थर. दोन-दोन डायपर एकावर एक घालू नका. डायपरखाली प्लॅस्टिक, त्यावर गोधडी, त्यावर परत मेणकापड असले थर आतली उष्णता कोंडून ठेवतात. नुसती ओलीने झालेली लाली मांड्यांच्या घड्यांत पसरट असते, दाबाची हाडावर नेमक्या जागी. दोन्ही एकत्र असल्या तर दाबाचीच समजून वागा.

स्पिरिट आणि पावडर यांबद्दल. जुन्या पद्धतीत पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर मारत. माझ्या पिढीच्या नर्सेस तेच शिकून आल्या. स्पिरिटने कातडी कोरडी पडून भेगाळते, पावडरचे घामात गोळे होतात आणि तेच टोचतात. दोन्ही सोडा. कोरड्या कातडीला खोबरेल तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. मात्र लाल झालेल्या हाडाच्या जागेवर मालिश कधीच नाही. आतल्या दुखावलेल्या रक्तवाहिन्या चोळल्याने अजून फुटतात. गावाकडून आलेल्या मावशीला हे सांगताना जड जातं, पण सांगा.

गादी

एअरबेड घेतला म्हणजे काम संपलं, हा समज मी रोज खोडून काढते. गादी कूस बदलत नाही. फुगणाऱ्या-उतरणाऱ्या नळ्यांची गादी दाबाची जागा थोडी थोडी हलवते. तिची मदत मोठी आहे, बदली म्हणून चालणारी नाही.

भाड्याने आणा किंवा विकत, तीन गोष्टी बघा. पंपावरचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावा. फार कडक केलं तर ती पाटच होते. मग रुग्णाच्या कमरेच्या बरोबर खाली, एअरबेडच्या खालून तळहात वर करून हात घाला. हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे, मध्ये निदान इंचभर उशी जाणवली पाहिजे. आणि वर एकच चादर, सैल. मी एअरबेडवर कापसाची गादी, तिच्यावर गोधडी आणि तिच्यावर प्लॅस्टिक पाहिलेलं आहे. खालचा पंप बिचारा कोणासाठी चालला होता देव जाणे. वीज गेली की पंप बंद पडतो, काही गाद्यांतली हवा लगेच उतरते. रात्री लाइट गेली तर गजराची वाट न पाहता हाताने तपासा.

वॉटरबेड चालतो, पण जड असतो, आणि थंडीत धुळ्याकडे पाणी गार पडून रुग्ण कुडकुडतो. मधे भोक असलेली गोल रबरी रिंग आणि सायकलची ट्यूब पूर्ण बंद. कडेवर दाब येऊन भोकातल्या भागाचा रक्तपुरवठाच तुटतो. केळीचं पान अंथरू का, असं रावेर-यावलकडची माणसं हमखास विचारतात. ज्यांची कातडी मोठ्या भागावर सोललेली असते अशांना पानावर निजवतात, कारण ते चिकटत नाही. हाडाचा दाब पानाने कमी होत नाही.

पोटात काय जातं

कातडी बांधायला प्रथिनं लागतात. धोका असलेल्या रुग्णाला किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. दवाखान्यात आणून दिलेला साबुदाणा, बिस्किटं आणि नारळपाणी यांतून ते येत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, अर्ध्या लिटर दुधात सोळा. आपल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, ती दुधात किंवा वरणात कुस्करून द्या. तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके मऊ असतात, कढीत मोडून दात नसलेली म्हातारीही खाते. तिखट कमी करा म्हणजे घास जातो. एकाच वेळी ताट भरण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं थोडं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. लकव्याच्या रुग्णाला गिळता येतं की नाही हे पाहिल्याशिवाय चमचा तोंडात नाही.

नळ्या आणि खुर्ची

ऑक्सिजनच्या नळीने कानामागे, मास्कने नाकाच्या हाडावर, नाकातल्या नळीने नाकपुडीत, ऑक्सिजन मोजायच्या क्लिपने बोटावर, प्लॅस्टरच्या कडेने पोटरीवर जखमा होतात. रोज तिथे पाहा, क्लिपचं बोट बदला, चिकटपट्टीची जागा सिस्टरकडून बदलून घ्या.

खुर्चीत बसवलं म्हणजे सुटका नाही. बसल्यावर वजन कमी जागेवर येतं. स्वतः हलू शकणाऱ्याला दर पंधरा मिनिटांनी एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर झुकायला सांगा, जो हलू शकत नाही त्याला एका वेळी तासापेक्षा जास्त बसवू नका.

डाग दिसलाच तर

त्या बाजूवर झोपवणं बंद, डाग जाईपर्यंत. सिस्टरला दाखवा, तारीख-वेळ टाकून नोंद करायला सांगा. हळद, चुना, टूथपेस्ट, शेजाऱ्याचं मलम काहीही लावू नका. फोड आला तर फोडू नका. टाचेवर कोरडी, घट्ट काळी खपली असेल तर सोलू नका. ताप, वास, पू, जखमेभोवती पसरणारी लाली किंवा अचानक वाढलेली असंबद्ध बडबड दिसली तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. माकडहाडावर लावायची फोमची पट्टी धोका जास्त असलेल्यांना जखम होण्याआधीच लावता येते. किंमत जास्त आहे, पण डॉक्टरांना विचारून बघा. ती लावली तरी रोज कडा उचलून खाली पाहायचं असतं.

घरी नेताना

डिस्चार्जच्या दिवशी गडबड असते : बिल, औषधं, गाडी. त्यातही निघण्याआधी सिस्टरसमोर पाठ आणि टाचा उघडून दाखवा आणि काय दिसलं ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. गाडीत सीटवर आडवं नेणार असाल तर पोटरीखाली उशी हवी, आणि शिरपूर-शहाद्याच्या पुढे जायचं असेल तर वाटेत एकदा थांबून कूस बदला. घरची सुतळीची खाट मधे झोळ पडलेली असते, रुग्ण त्या खड्ड्यात घसरत राहतो. सुतळी कसून घ्या, नाहीतर लाकडी पलंगावर जाड गादी टाका. पलंग भिंतीला लावू नका, दोन्ही बाजूंनी उभं राहता आलं पाहिजे. आणि वॉर्डातल्या भिंतीवरचा तो सह्यांचा कागद काढून बरोबर न्या. पुढच्या दोन तासांची कूस कोणती, हे त्याच्यावरच लिहिलेलं असेल.